उजव्या हाताचा शब्द

बाबांचा उजवा हात गेला तेव्हा त्याच्याबरोबर बरेचसे शब्दही गेले. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं, की मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते, आणि बहुतेकांची बोलण्याची जागाही तिथेच असते. म्हणून एकाच झटक्यात हात, पाय आणि वाचा अशा तिन्हींवर घाला पडला. पाय तीनेक महिन्यांत काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र तसाच राहिला, बोटं आत वळलेली, मांडीवर ठेवला की ठेवला. आणि पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येईना. चष्म्याकडे बघत ते ‘दार, दार’ म्हणायचे. आपण चुकतोय हे त्यांचं त्यांना कळायचं, आणि तेच बघवत नसे.

पण संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की रामरक्षा सुरू व्हायची. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक जोडाक्षर इकडचं तिकडे नाही. बोलायचा सराव करून घ्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, असं होतं. पाठ केलेलं वेगळ्या वाटेने येतं. मागायला गेलं तर शब्द हाती लागत नाही, वाहत येतो तेव्हा अडत नाही.

फिरण्याचा व्यायाम व्हावा म्हणून आई त्यांना कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पाठवायची, चिठ्ठी देऊन. आमचं घर साताऱ्यात, जुन्या वस्तीत. रस्ता चढाचा पण रहदारी कमी. एकदा मी माहेरी गेलेली असताना ते भाजी घेऊन परत आले आणि मी बघतच राहिले. डाव्या हातात काठी आणि त्याच खांद्यावर पिशवी, पण नुसती लटकवलेली नाही. बंद घसरू नये म्हणून त्याला गाठ मारून तो आखूड केलेला, पिशवी काखेत नीट बसलेली, आणि काठी टेकवताना मध्ये येणार नाही अशी पाठीकडे वळवलेली. मी विचारलं, “बाबा, कोणी अडकवून दिली?” त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. ‘ती… ती…’ झालं. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग रामरक्षा यावी तसा एक अख्खा समास बाहेर आला: “दाक्षिण्योदकवाहिनी.”

आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांतून बोट फिरवायचं हाच माझा धंदा. ‘दाक्षिण्य’ हा शब्द माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेला असेल, पण तो आला तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी ‘स्त्री’ ह्या शब्दाला जोडूनच आला. स्त्रीदाक्षिण्य म्हणजे पुरुषाने बाईसाठी दार उघडून धरायचं, बसमध्ये जागा द्यायची, तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. मराठीत हा शब्द असाच चालतो. मग बाबांनी तो एका बाईला कसा काय लावला? मला वाटलं, ‘दार’सारखाच हाही चुकून आलेला शब्द.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले आणि थोडी लांबच उभी राहिले.

त्या मावशी पन्नाशीच्या असतील. हातगाडी नाही, फूटपाथवर पोतं अंथरून बसतात. बाबा आले तशा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या गिऱ्हाइकाशी मेथीच्या भावावरून चाललेलं बोलणं त्यांनी थांबवलं नाही. चिठ्ठी वाचून झाली, भाजी तोलून झाली, बटाटे तळाशी, टोमॅटो वर, कोथिंबिरीची जुडी सगळ्यात वर. पैसे काढायचे तर काठी कुठे ठेवायची हा प्रश्न पडण्याआधी त्यांनी ती आपल्या कोपराच्या घडीत अडकवून घेतली. सुटे पैसे त्यांनी बाबांच्या हातावर ठेवले नाहीत, खिशापाशी नेऊन मोजून आत सोडले. मग बाबांना काहीतरी आणखी हवं होतं. चिठ्ठीत नसलेलं. ते शब्द शोधायला लागले. तिथे आलं होतं, लिंबं होती, मिरच्या होत्या. कोणीही असतं तर एकेका वस्तूला हात लावून ‘हे का? हे का?’ केलं असतं. मीही घरी हेच करत होते. मावशींनी तसं केलं नाही. त्या तराजूचं पारडं फडक्याने पुसत राहिल्या, अगदी सावकाश, जणू ते पुसायलाच उठल्या होत्या. बाबांना शब्द सापडला. “लिंबू.” “किती देऊ, सर?” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी बाबांच्या कपाटातून ‘मृच्छकटिका’ची जुनी प्रत काढली. मराठी माणसाला हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’तून माहीत असतं, बाबांची प्रत शूद्रकाच्या मूळ संस्कृत नाटकाची, समासांवर पेन्सिलीने चौकटी केलेली. आठव्या अंकात ती ओळ आहे. राजाचा मेहुणा शकार, पुष्पकरंडक नावाच्या बागेत वसंतसेनेचा गळा दाबतो. ती मेली असं समजून त्याच्याबरोबरचा विट, म्हणजे शहाणा, रसिक पण पोटासाठी दुसऱ्याच्या ताटाखाली बसलेला माणूस, शोक करतो:

दाक्षिण्योदकवाहिनी विगलिता, याता स्वदेशं रतिः…

दाक्षिण्याचं पाणी घेऊन वाहणारी नदी आटली. पुढे तिलाच तो ‘सौजन्यनदी’ म्हणून हाक मारतो. म्हणजे बाबांचा शब्द चुकला नव्हता. तो मुळात एका बाईलाच लावलेला होता, आणि तीही गणिका, जिला कुलीन घरांत पाऊल ठेवायची सोय नव्हती.

विटाने तिला नदी का म्हटलं, हे त्याआधीच्या अंकांत दिसतं. जुगारात दहा सुवर्णनाणी हरलेला संवाहक जीव मुठीत धरून तिच्या घरात शिरतो. त्याच्या मागे तगादेवाले. वसंतसेना हातातलं कडं उतरवते आणि देऊन टाकते, शिवाय ते त्यानेच पाठवलंय असं सांगायला लावते. त्याची मान खाली जाऊ नये म्हणून. मदनिका ही तिची दासी. तिचं शर्विलकावर प्रेम आहे हे कळल्यावर एक पैसा न घेता तिला मोकळं करते आणि गाडीत बसवून देते. आणि तिच्या प्रियकराचा, चारुदत्ताचा, लहान मुलगा शेजारच्या पोराच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, मातीची गाडी नको म्हणतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने काढून मातीच्या गाडीत भरते. नाटकाचं नाव ह्याच गाडीवरून पडलं. ह्यात शौर्य नाही, तलवार नाही. समोरच्याला काय हवंय ते त्याने मागण्याआधी कळणं, ते देण्याची ताकद आपल्या हातात असणं, आणि देताना त्याला लहान न करणं. इतकंच, पण हे सगळं एकदम.

त्याच आठव्या अंकात आणखी एकजण आहे, ज्याचं नाव मी आजवर नीट लक्षात ठेवलं नव्हतं: शकाराचा गाडीवान स्थावरक. शकार आधी विटाला सांगतो, हिला मार. विट नकार देतो. मग स्थावरकाला आमिष दाखवतो, मारतो, धमकावतो. तो गुलाम आहे, त्याचं शरीर विकत घेतलेलं आहे. तो म्हणतो, मालक, तुमची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही. पुढे चारुदत्तावर खुनाचा आळ येतो, त्याला वधस्तंभाकडे नेतात, तेव्हा कोंडून ठेवलेला हाच स्थावरक खरं सांगण्यासाठी वरच्या खिडकीतून खाली उडी टाकतो. पुरुषाने बाईसाठी दाखवलेल्या शौर्याचं उदाहरण कोणी मागितलं, तर मी आता कुठल्याही सरदाराच्या आधी ह्या गाडीवानाचं नाव घेईन.

मग मी शब्दाच्याच मागे लागले. दाक्षिण्य म्हणजे ‘दक्षिण’ असण्याचा गुण. आणि दक्षिण म्हणजे सगळ्यात आधी उजवा. दिशा नंतर. पूर्वेकडे, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला जी बाजू येते ती दक्षिण. हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, उजवा म्हणजे ‘दशिन’, लॅटिनमध्ये ‘डेक्स्टर’, ग्रीकमध्ये ‘देक्सिओस’, लिथुआनियन भाषेत उजवा हात म्हणजे ‘देशिने’. सगळी एकाच घरातली भावंडं. आयर्लंडच्या भाषेत तर ‘जास’सारखा उच्चार असलेला एकच शब्द उजव्यालाही लागतो आणि दक्षिणेलाही, तिथलीही माणसं कधीकाळी सूर्याकडे तोंड करूनच दिशा मोजत होती. आपल्याकडे ह्याच ‘दक्षिण’चं प्राकृतात ‘दक्खिण’ झालं, पुढे दख्खन झालं. दख्खनचा राजा जोतिबा, पुण्याहून मुंबईला धावणारी दख्खनची राणी, आणि विटाच्या तोंडचं दाक्षिण्य, तिन्ही एका मुळाची आहेत हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. आपण राहतो तो मुलूखच मुळी उजव्या हाताचा.

मूळ धातू ‘दक्ष्’. समर्थ असणं, तरबेज असणं. शाळेच्या मैदानावर ‘दक्ष’ म्हटल्यावर टाचा जुळवायचो तोच हा शब्द, आणि ‘दक्षता घ्या’ अशा सरकारी पाटीवरचाही तोच. वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या प्राचीन यास्काचं निरुक्त उघडलं तर तो उजव्या हाताबद्दल दोन गोष्टी सांगतो. एक, हा शब्द उत्साहाच्या अर्थाच्या ‘दक्ष्’पासून आला असेल. किंवा दान करणे ह्या अर्थाच्या ‘दाश्’पासून. आजचे भाषाशास्त्रज्ञ दुसरी व्युत्पत्ती मानणार नाहीत. पण यास्काला उजव्या हाताकडे बघून जे दिसलं ते मला खरं वाटतं: ज्याला काम येतं तो हात, आणि जो देतो तो हात. दाक्षिण्यात दोन्ही लागतात. नुसती इच्छा असून भागत नाही, हाताला कसब लागतं. पिशवीच्या बंदाला गाठ किती वर मारायची हे कळावं लागतं.

उलट बाजूला डावा. डाव्या हाताच्या माणसांवर भाषेने बराच अन्याय केलाय. ‘डावलणं’ म्हणजे टाळणं, बाजूला सारणं. एक भाऊ दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ म्हणजे सरस. संस्कृतात ‘वाम’ म्हणजे डावा, ‘वाम’ म्हणजे विपरीत, आणि ‘वाम’ म्हणजे सुंदरही. स्त्रीला ‘वामा’ म्हणतात. आता बाबा सगळं डाव्या हाताने करतात. जेवतात, दाढी करतात, आणि गेल्या दिवाळीपासून डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवतात. त्यांचा पहिला ‘श्री’ बघून आई कितीतरी वेळ काही बोलली नाही.

‘दक्षिणा’ हीदेखील ह्याच घरातली. यास्क म्हणतो, कामात जे उणं राहिलं ते भरून काढते ती दक्षिणा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञापुढे ‘दखिना’: हजारोंनी गायी, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी, घोडे, हत्ती. त्याच लेखात राजा दक्षिणापथाचा स्वामी आहे. एकाच भिंतीवर दक्षिण हा शब्द एकदा मुलूख म्हणून आणि एकदा देणगी म्हणून कोरलेला आहे. घाट चढून दमलेली माणसं त्या लेण्यात टेकतात, पाणी पितात. वर बघावं, तो शब्द तिथे आहे.

पेशवाईत श्रावणात पर्वतीखाली रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. कंपनी सरकारने तो खर्च पूर्ण बंद केला नाही, वळवला. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती ह्या निधीच्या आधाराने. पुढे लोकहितवादींसारख्या मंडळींनी मागणी केली, की हा पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडेही जावा. शहरात मोठा गदारोळ झाला. तरी १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात चालवलेल्या मुलींच्या शाळांना ह्याच निधीतून दरमहा मदत मिळू लागली. ‘स्त्री’ आणि ‘दक्षिणा’ हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी यावेत तर असे यावेत, असं मला फार मनापासून वाटतं. दार उघडून धरण्यापेक्षा हे कितीतरी मोठं दार होतं.

मग हा शब्द बायकांशी सौजन्याने वागणाऱ्या पुरुषापुरता कसा उरला? ह्याचं मूळ संस्कृत नाटकांच्या अंतःपुरात आहे. माळव्याच्या मुंज राजाच्या काळातला, दहाव्या शतकातला धनंजय ‘दशरूपका’त प्रेमी नायकाचे चार प्रकार सांगतो: दक्षिण, शठ, धृष्ट आणि अनुकूल. अनुकूल म्हणजे एकीवरच प्रेम करणारा. शठ चोरून दगा देतो, धृष्ट उघडपणे. आणि दक्षिण? त्याचं मन दुसरीवर गेलेलं आहे, पण पहिलीशीही तो सहृदयतेने वागतो, तिला दुखवत नाही. म्हणजे दाक्षिण्य हा एकनिष्ठेचा गुण नव्हताच. एकनिष्ठा सोडल्यावर उरलेलं सौजन्य होतं ते.

कालिदासाला हे नीट माहीत होतं. ‘मालविकाग्निमित्रा’तली मालविका आपल्या विदर्भाची, माधवसेनाची बहीण. वाटेत लुटारूंनी गाठल्यामुळे ती विदिशेला राणी धारिणीची दासी होऊन पडलेली. राजा अग्निमित्र तिच्यावर भाळतो, धारिणी तिला तळघरात कोंडते, विदूषक युक्तीने सोडवून आणतो. मग समुद्रगृहात राजा आणि मालविका एकमेकांसमोर उभे राहतात. राजा म्हणतो, घाबरू नकोस. आणि ती दासी, जिचं सगळं आयुष्य ह्या माणसाच्या एका शब्दावर अवलंबून आहे, ती उत्तर देते: न घाबरणाऱ्या महाराजांचं सामर्थ्य राणीसाहेब समोर आल्यावर मी पाहिलंय. त्यावर राजाचं उत्तर असं आहे:

दाक्षिण्यं नाम बिम्बोष्ठि बैम्बिकानां कुलव्रतम्।

दाक्षिण्य हे आमच्या घराण्याचं कुलव्रत आहे, बरं. पूर्वी ही ओळ मी प्रेमळ विनोद म्हणून वाचली होती. आता वाचताना मालविकेच्या वाक्यापाशी थांबले. तिने अचूक बोट ठेवलंय. जे सौजन्य खरं बोलायची वेळ आली की गप्प बसतं, त्याचा तिला काय उपयोग? तिला कोंडलं तेव्हा ते कुलव्रत कुठे होतं? शब्दाची पहिली झीज मला इथे दिसते. वसंतसेनेत जे नदीचं पाणी होतं ते इथे ओठांवरच्या गोडव्याएवढं उरलंय.

ह्याउलट त्याच मुळाचा पराक्रम बघायचा तर दगडांवर बघावा. गिरनारच्या पायथ्याच्या खडकावर क्षत्रप रुद्रदामनाचा इ.स. १५०चा लेख आहे. तो सांगतो, दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोन वेळा जिंकलं, ‘निर्व्याज’, म्हणजे कपट न करता; पण नातं जवळचं म्हणून त्याला उखडून टाकलं नाही, आणि त्यातून मला यश मिळालं. राजाला ह्यात अभिमान वाटतोय, तोही जिंकण्याइतकाच. आणि नाशिकला पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्राबद्दल, कोरून घेतलंय: अपराध केलेल्या शत्रूचीही प्राणहानी त्याला रुचत नाही. आईने मुलाच्या पाठीमागे सांगितलेलं हे. मुलाच्या पराक्रमांच्या यादीत तिला हे वाक्य सोडवत नाही.

मराठी मनाला इथे शिवाजीमहाराज आठवणारच. मलाही आठवतात. परस्त्रीच्या रक्षणाबद्दल त्यांची शिस्त एवढी पक्की होती, की त्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहिणाऱ्या मुघल इतिहासकार खाफीखानालाही ती नोंदवावी लागली. पण २८ जानेवारी १६४६च्या पत्रातला रांझ्याच्या पाटलाचा प्रसंग घ्या. बदअमल, म्हणजे गैरवर्तन, केला म्हणून बाबाजी गुजराचे हातपाय तोडले. ह्याला लोक स्त्रीदाक्षिण्य म्हणतात तेव्हा मी पानाच्या कडेच्या समासात प्रश्नचिन्ह करते. तो न्याय होता. बाईला न्याय मिळणं हे कोणाच्या मोठ्या मनाचं लक्षण मानलं, की तो मिळाला नाही तर दाद मागायची जागा उरत नाही. शब्दाची ही दुसरी झीज, आणि ही आपण रोज करतो.

युरोपातल्या भाषांनी हा गुण घोड्याला बांधला. शिव्हलरी आली फ्रेंचांच्या ‘शेव्हाल’वरून, म्हणजे घोड्यावरून, स्पॅनिश लोकांचा ‘काबायेरो’ म्हणजे घोडेस्वार, जर्मनांचा ‘रिटर’ म्हणजे स्वार. अरबीतला ‘फुरूसिया’देखील ‘फरस’ म्हणजे घोड्यावरूनच. आपल्याकडे घोडे काय कमी होते? स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर, त्यांच्या जोरावर मराठे अटकेपर्यंत गेले. तरी सभ्यतेसाठी आपण घोड्यावरचा शब्द घेतला नाही, हाताचा घेतला. स्वार कितीही वाकला तरी वरूनच वाकतो. हाताला मात्र दुसरा हात समपातळीवर भेटतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. पुण्याला जायच्या एसटीत प्रुफांचं बाड छातीशी धरून मी उभी होते. एका गृहस्थांनी उठून मला जागा दिली. मी आभार मानले आणि बसले. पाठ दुखत होती, मला बरंच वाटलं. मग ते शेजारच्यांना मोठ्याने सांगू लागले, की १७ मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट झालंय, तरी आमच्या पिढीचं स्त्रीदाक्षिण्य काही संपलं नाही. खंबाटकी येईपर्यंत तेच. त्यांनी जागा दिली हे चांगलंच केलं, त्यात मला काही वाकडं दिसत नाही. पण दिलेली जागा ते मला पुन्हा पुन्हा देत राहिले, आणि प्रत्येक वेळी मी ती पुन्हा घेत राहिले. वसंतसेनेने संवाहकाचं कडं त्याचंच आहे असं का सांगायला लावलं, ते मला त्या बसमध्ये कळलं असतं तर! तेव्हा कळलं नाही. मावशींचं फडकं बघितल्यावर कळलं.

माझ्या कामात मी आता ‘स्त्रीदाक्षिण्य’ आलं की लेखकाला विचारते, नुसतं ‘दाक्षिण्य’ चालेल का? बरेच जण विचारतात, मग अर्थ कसा कळणार. कळेल. शब्द पुन्हा वापरात आला की कळेल. दवाखान्यात रात्री तीन वाजता पेशंटची कूस बदलताना सलाईनची नळी बरोबर दुसऱ्या बाजूला घेणारी नर्स, वर्गात अडखळणाऱ्या पोराची पाळी यायच्या आत तास संपवणाऱ्या बाई, समोरच्या बाईला अक्षरओळख नाही हे ओळखून फॉर्म ‘मीच भरतो, माझं अक्षर बरं आहे’ म्हणणारा बँकेतला मुलगा. ह्यांच्यासाठी आपल्याकडे दुसरा कुठला शब्द आहे? दया नाही ही. उपकार तर नाहीच. मदत म्हटलं तर थोडं सांगितल्यासारखं होतं.

श्रावणात आईने सत्यनारायण घातला. झटका आल्यापासून घरात पूजा झाली नव्हती. बाबांचा हात असा, संकल्प कसा सोडायचा, म्हणून पुढे ढकलत होती. गुरुजी तरुण होते, बाबांच्या शाळेतला विद्यार्थी नसला तरी गावातलाच. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसते. आई नेहमीसारखी तिथे बसली, म्हणजे बरोबर त्या हाताच्या शेजारी. आचमन झालं. संकल्पाची वेळ आली. एरवी गुरुजी म्हणतात, यजमानांनी उजव्या हातात अक्षता-पाणी घ्या, वहिनींनी हाताला हात लावा. ह्या गुरुजींनी क्षणभर बाबांच्या मांडीकडे पाहिलं आणि मग नुसतं “चला” म्हणाले, आणि पोथीचं पान शोधत बसले. पान समोरच होतं.

आईने हात लावला नाही. तिने आपला तळवा बाबांच्या हाताखाली सरकवला आणि तो उचलला. वळलेली बोटं एकेक करून सरळ केली, जेवढी झाली तेवढी. मी अक्षता ठेवल्या, पळीने पाणी घातलं. गुरुजींनी देश-काळ सांगायला सुरुवात केली, आणि ‘दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ आल्याबरोबर बाबांचा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला, खणखणीत, न अडखळता. पाणी बाबांच्या बोटांच्या फटींतून खाली आईच्या तळव्यावर उतरलं, तिथून तिच्या बोटांवरून ताम्हणात.